चेअरमन गंजीवर चढले तेव्हा

चेअरमनसाहेबांना मी कडब्याच्या गंजीवर चढताना पाहिलंय. डोळ्यांचं सार्थक झालं. एक चप्पल पायात, एक खाली, पांढरा लेंगा मांडीपर्यंत फाटलेला आणि गंजीभोवती कुत्र्यांचं कोंडाळं! आजही आठवलं की जेवण दोन घास जास्त जातं.

दुष्काळाचं साल होतं. हे चेअरमन असलेल्या आमच्या गावच्या विकास सोसायटीनं माळावर चारा छावणी चालवायला घेतलेली. आमची बैलं आणि म्हैस घेऊन मी तिथंच मुक्कामाला. माझी चुलती रोज घरून ओढ्याच्या वाटेनं भाकरी आणायची. छावणीत मेलेलं जनावर खोल खड्ड्यात पुरायचं असतं. सोसायटीचा ट्रॅक्टर मात्र ते ओढ्यात ढकलून मोकळा व्हायचा. होता होता गावातली कुत्री तिकडंच राहायला गेली. शिळ्या तुकड्यासाठी शेपूट हलवणारी ती जात, आता माणूस दिसला की मान खाली घालून, न भुंकता चालून यायची. आधी शेळ्या गेल्या. मग एका दुपारी काकूच्या पोटरीचा लचका गेला. बीडला इंजेक्शनं घेऊन आली, आणि लंगडत थेट चेअरमनच्या मळ्यात. मी मागोमाग.

साहेब लिंबाखाली बाजेवर चहा पीत होते.

"सायब, खड्डा करा. त्या वाटंनं लेकरंबाळं जात्यात."

"काकू, हातात काठी धरायची. भ्यायचं न्हाई. कुत्र्याच्या नजरेला नजर द्यायची!"

शेजारचे संचालक खदखदून हसले. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आमच्या भावकीतला. त्यानं विचारलं, "मग मेलेलं कुठं टाकू?"

"ओढा सोडून कुठंबी टाक की बे! ते बी मीच सांगू का?"

काकूनं त्या संध्याकाळी ड्रायव्हरला गरम भाकरी आणि ठेचा वाढला, आणि 'कुठंबी' म्हणजे कुठं ते नीट समजावून सांगितलं.

साहेबांच्या मळ्यात संडास होता, फरशीचा. पण त्यांना सकाळी तांब्या घेऊन मळ्यामागच्या पाटाच्या कोरड्या चारीत बसल्याशिवाय मोकळं वाटत नसे. ही सवय साऱ्या गावाला ठाऊक. पुढं छावणीत एक म्हातारा बैल मेला आणि तांबडं फुटायच्या आत त्याच चारीत जाऊन पडला. वासानं कुत्री आली. मग साहेब आले.

आरोळी छावणीपर्यंत ऐकू आली. आम्ही काठ्या घेऊन धावलो, कुत्रं चावल्यापासून छावणीतच मुक्कामाला असलेली काकूही. तांब्या चारीत पडलेला, साहेब गंजीच्या शेंड्यावर. मी पुढं झालो तर काकूनं हात आडवा घातला.

"थांब रे. सायबांना येतंय त्येंचं."

"काकू, हाकला की त्यांना!" साहेब वरून ओरडले.

"नजरेला नजर द्या, सायब!"

"अहो, काठी तरी द्या एखादी!"

काकूनं काठी फेकली. बरोब्बर कुत्र्यांच्या पुढ्यात. "उतरून घ्या."

एक काळं कुत्रं गंजीला पाय लावून उभं राहिलं. साहेबांचा आवाज चिरकला. "करतो खड्डा! आजच करतो, पाया पडतो!"

"आधी मशीन येऊ द्या. तवर वारा घ्या वरती."

त्या दिवशी हसलेले संचालक गलका ऐकून आले होते, तेच मोटारसायकलीवर मशीन आणायला पळाले. जेसीबी आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बैल पुरला, ओढ्यातली घाण पुरली, तेव्हा कुठं आम्ही कुत्री हाकलली आणि साहेब उतरले, घामानं भिजून, अंगभर कडब्याचं कुसळ. छावणीत आम्ही पेंढीपेंढीसाठी रांगा लावत असताना ही गंजी कुणाच्या जनावरांसाठी रचली होती, हे कुणी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत ती छावणीत पोचली.

खायला काही उरलं नाही तशी कुत्री पांगली. ओढ्याची वाट पुन्हा वाहती झाली. काकू परत भाकरी आणू लागली, जरा लंगडत. काठी मात्र तिनं सोडली नाही. चेअरमन समोरून आले की ती काठी जमिनीवर आपटायची, आणि साहेब आधी मागं वळून बघायचे.