शेवटचा पीळ

नळवाल्या काकांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरातली गळती बंद केली. नळ असो की टाकी, पाना हातात आला की शेवटचा पीळ दिल्याशिवाय ते उठत नसत. ही सवयच त्यांना नडली. अंगणातल्या वेलीच्या द्राक्षांची वाइन करायला घेतली, तेव्हा रसाच्या कॅनचं झाकणही त्यांनी तसंच आवळलं, वर टेफ्लॉन टेपचे पाच वेढे! रस आत फसफसतोय, हवेला वाट नाही; व्हायचं तेच झालं. पहिल्या वर्षी स्वयंपाकघराचं छत जांभळं झालं, दुसऱ्या वर्षी काकूंच्या धुतलेल्या चादरी.

"यंदा एक जरी डाग पडला ना," काकू म्हणाल्या, "तर वेल कापून तिथे कपड्यांची दोरी बांधीन. बोलले म्हणजे बोलले!"

गुडघ्यांपायी काम सुटल्यापासून त्या वेलीवर काकांचा फार जीव होता.

म्हणून यंदा मनावर दगड ठेवून त्यांनी झाकण सैल सोडलं. पण काय छळ तो! कॅनमधून दिवसभर फिस्स, फिस्स. काका जेवताना दचकत, पेपर वाचताना दचकत. हात फारच शिवशिवायला लागले, तेव्हा त्यांनी पाना शेजारच्या सुताराकडे नेऊन दिला.

"मी पाया पडलो तरी परत देऊ नकोस बाबा."

सुतार पोट धरधरून हसला.

अकराव्या दिवशी काका वेलीला पाणी घालत होते आणि आतून आवाज आला, फाट्! गुडघे विसरून ते धावले. छत जांभळं, पडदे जांभळे, आणि मधोमध काकू, नखशिखांत जांभळ्या.

"मी हात लावला नाही!" काका ओरडले. "पाना सुताराकडे आहे, विचार हवं तर!"

"मीच आवळलं," काकू पुटपुटल्या. "फडकं धरून. फिसफिस ऐकून डोकं उठलं होतं. इतकी वर्षं तुमच्यासोबत काढली, आता गळकं काही सहनच होत नाही मला."

काका हसता हसता भिंतीला टेकले. काकूंनी रागाने ओठावरचा ओघळ चाटला. थबकल्या. मग बोट चाटलं, मग मनगट.

"अहो, कात्री द्या."

काकांचं हसू तिथेच विरलं. शब्दाची पक्की होती ती. त्यांनी कात्री दिली आणि मागोमाग अंगणात गेले. काकूंनी वेलीची एकच जाड काडी कापून त्यांच्या हातात दिली.

"ही त्या कोपऱ्यात लावा. एका वेलीत दोघांचं भागायचं नाही."