नामपूरच्या कांदा बाजारात टेनिस

मला नाशिकला पाठवलं ते कावीळ झाल्यामुळे. कावीळ मला नव्हे, माझ्याआधीच्या लेखकाला झाली होती. रंगीत टीव्ही तेव्हा नुकताच आला होता आणि एका शाळकरी टेनिसपटूच्या वर्षभराच्या स्पर्धांवर चार भागांचा माहितीपट निघत होता. दोन भाग झाले होते आणि तिसऱ्याचं निवेदन लिहायला माणूस नव्हता. तोवर मी गुरांचं लसीकरण आणि निर्धूर चूल या विषयांवर निवेदनं लिहिली होती. टेनिसमध्ये पंधरानंतर तीस आणि तिसानंतर एकदम चाळीस का होतात, हे मला आजही समजलेलं नाही.

पुण्याहून सकाळच्या एसटीनं निघालो. संगमनेरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली आणि आम्ही सगळे प्रवासी उसाच्या कडेला उभे राहून ड्रायव्हरला सल्ले देत होतो. सिन्नर मागे पडलं तशी थंडी वाजायला लागली. जानेवारीत नाशिकला जाताना अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घेणारा माणूस मूर्ख असतो, हे माझ्या शेजारच्या बाईंनी मला न बोलता, नुसतं बघून सांगितलं.

स्टँडवर दिग्दर्शक देवस्थळी आला होता. कॉलेजातला माझा मित्र. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून त्यातून जगाकडे बघायची त्याला खोड. मलाही त्यानं त्या चौकटीतून पाहिलं आणि म्हणाला, "जाड झालास."

"मुलगी जिंकणार ना?" मी विचारलं.

"जिंकायलाच पाहिजे. अकरा दिवसांनी इथं स्पर्धा आहे. जिंकली तर राज्याच्या संघात जाईल, संघ दिल्लीला जाईल, आणि आपला चौथा भाग दिल्लीत आहे."

"आणि हरली तर?"

"असं बोलू नकोस," तो म्हणाला, आणि आम्ही लॉजवर गेलो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सातपूरला पोचलो. पहिल्या पाळीचे कामगार मफलर गुंडाळून सायकलींवरून चालले होते. एका कारखान्याच्या अधिकाऱ्यांसाठी तिथं क्लब होता आणि क्लबाला मुरुमाचं एक टेनिस कोर्ट होतं. अधिकारी सकाळी उठत नसल्यामुळे ते रिकामं असे. त्या रिकामेपणातून ही मुलगी निघाली होती. तिचं नाव सुनंदा गांगुर्डे, वय सोळा. वडील त्याच कारखान्यात टर्नर. रोज पाळीआधी ते कोर्टावर पाणी मारत, रोलर ओढत आणि चुन्याच्या रेघा मारत. मी पाहिलं तेव्हा ते वाकून एकेक खडा वेचत होते.

"जयभीम साहेब," खडे खिशात टाकत ते म्हणाले. "जरा थांबा हं. ही बाजू अजून ओली आहे."

सुनंदा उंच, काटक आणि कमालीची अबोल होती. देवस्थळीनं तिच्याकडून एकच सर्व्हिस चौदा वेळा करून घेतली. कधी ऊन कमी, कधी मागून सायकलवाला गेला, कधी कॅमेरामन पिंटोला शिंक आली. पंधराव्या वेळी ती म्हणाली, "काका, मॅचमध्ये दोनच चान्स असतात." ते वाक्य मी लगेच वहीत टिपून घेतलं आणि स्वतःवर खूश झालो.

मग सातपूरच्या नाक्यावर मिसळ खाल्ली. सोबत पापड होता. तो रश्शात मोडून टाकायचा की वेगळा खायचा, यावर पिंटो आणि हॉटेलवाला यांचं बरंच बोलणं झालं. त्या मिसळीवरच्या कांद्यानं मात्र माझ्या डोक्यात एक कल्पना घातली. सुनंदाची आत्या बागलाणात नामपूरला राहते, हे मला तिच्या आईकडून कळलं होतं. नामपूरला कांद्याचा मोठा बाजार. मी देवस्थळीला म्हटलं, "सारखं हेच कोर्ट किती दाखवणार? हिला कांदा बाजारात खेळव. चहूकडे लाल कांदा आणि मधे पांढऱ्या कपड्यात ही."

देवस्थळीनं बोटांची चौकट केली आणि त्यातून बराच वेळ हॉटेलच्या भिंतीकडे पाहिलं. "जीप सांग," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी सटाण्यावरून नामपूरला गेलो. बाजार त्या दिवशी बंद होता, पण आम्ही येणार ही बातमी फुटली होती, त्यामुळे तो नेहमीपेक्षा जास्त भरला होता. "कथाईन उनात भाऊ?" (कुठून आलात?) असं मला दहाजणांनी विचारलं. पुण्याहून म्हटल्यावर दहाही जणांच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटली. आत्याबाईंनी बाजरीची भाकरी आणि शेवभाजी केली होती. ती तिखटजाळ भाजी तोंडात घातली आणि मी काही काळ निवेदन लिहिण्याच्या स्थितीत नव्हतो.

लिलावाच्या मोकळ्या जागेत शाळेची व्हॉलीबॉलची जाळी खाली करून बांधली होती. समोर खेळायला शाळेचे क्रीडाशिक्षक होते. ते आयुष्यात बॅडमिंटनशिवाय काही खेळले नव्हते, पण बूट नवे आणले होते. जमीन झाडली होती, तरी वारा ढिगांवरची टरफलं पुन्हा पुन्हा आणून टाकत होता. सुनंदानं पायानं थोडी बाजूला सारली आणि माझ्याजवळ आली.

"काका, इथं पाय घसरेल."

"दोनच मिनिटं खेळ," मी म्हणालो. "फार सुंदर दिसतंय."

ती गेली. एक आजोबा सगळ्यांना सांगत होते, "हाई पोर आमनी शे." (ही मुलगी आमची आहे.) मास्तरांनी चेंडू थेट कांद्याच्या ढिगात मारला, लोक हसले, मास्तरही हसले. पुढचा चेंडू त्यांच्याकडून चुकून चांगला गेला. सुनंदा डावीकडे धावली, टरफलांवरून तिचा डावा पाय सरकला, घोटा मुरगळला आणि ती पडली.

देवस्थळी पिंटोला म्हणाला, "घेतलंस का?"

मी त्याला नावं ठेवली असती. पण त्या क्षणी माझ्या मनातही पहिल्यांदा तेच आलं होतं. धावली ती फक्त आत्या.

नाशिकच्या डॉक्टरांनी घोटा बांधून तीन आठवडे विश्रांती सांगितली. स्पर्धेला सात दिवस होते. गांगुर्डे यांच्या घरी गेलो तेव्हा सुनंदा बुद्धाच्या तसबिरीखाली पाय उशीवर ठेवून भूगोल वाचत होती. मी तिच्या वडिलांना सांगितलं की नामपूरची कल्पना माझी होती.

त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "तिनं तुम्हाला सांगितलं होतं का, पाय घसरेल म्हणून?"

"हो."

"मग वाईट केलंत साहेब," ते म्हणाले, आणि आतून चहा आणायला गेले. तो चहा संपवणं मला नामपूरच्या भाजीपेक्षा जड गेलं.

सुनंदा खेळली. डॉक्टर, आई, देवस्थळी, सगळे नको म्हणत होते. (चौथ्या भागाच्या लोभानंही देवस्थळीनं तिला गळ घातली नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.) पहिलाच सामना मुंबईच्या एका मुलीशी होता. त्या मुलीकडे चार रॅकेटी होत्या. सुनंदाला धावता येत नव्हतं, म्हणून तिनं समोरचीला धावायला लावलं. चेंडू जाळीजवळ हलकेच टाकायचा, ती पुढे आली की डोक्यावरून मागे उचलायचा. पहिला सेट सुनंदानं घेतला. माझ्या शेजारी वडील बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. ते फक्त तिच्या डाव्या पायाकडे बघत होते.

दुसऱ्या सेटमध्ये समोरचीच्या लक्षात आलं की हिच्या डावीकडे मारलं की झालं. ती तिथंच मारत राहिली, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. सुनंदा पुढचे दोन्ही सेट हरली. शेवटच्या चेंडूपर्यंत प्रत्येक चेंडूमागे लंगडत गेली, न पोचणाऱ्यासुद्धा. हात मिळवले, रॅकेट पिशवीत घातली आणि मगच खाली बसली.

निघायच्या आदल्या दिवशी मी निवेदनाचा कागद घेऊन तिच्याकडे गेलो. देवस्थळीच्या सांगण्यावरून मी लिहिलं होतं, 'सरावात झालेल्या दुखापतीमुळे तिला यश मिळालं नाही.' तिनं ते वाचलं.

"सरावात मी कधी पडले नाही."

"नुसतं एक वाक्य आहे गं."

"लोक म्हणतील, पप्पांनी कोर्ट नीट केलं नव्हतं," ती म्हणाली. तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "ते रोज खडे वेचतात, काका."

मी कागद परत घेतला. लॉजवर बसून लिहिलं, 'सुनंदाचा पाय सातपूरच्या कोर्टावर मुरगळला नाही. नामपूरच्या बाजारात मुरगळला. ती नको म्हणत असताना आम्ही तिला तिथं खेळायला लावलं.'

देवस्थळीनं ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता फाडतो.

"'आम्ही' कशाला?" तो म्हणाला. "'मी' लिही. कल्पना तुझी होती."

मी 'आम्ही'वर काट मारून 'मी' केलं, आणि पुढं माझ्याच आवाजात ते ध्वनिमुद्रित झालं. चौथा भाग निघाला नाही.

पुण्याला परतलो तो घसा बसलेला आणि नाक गळणारं. आईनं पाणी दिलं आणि लगेच चौकशी सुरू केली. पंचवटीत गेला होतास का? नाही. रामकुंड? नाही. त्र्यंबक तरी? तेही नाही.

"मग बारा दिवस नाशकात पाहिलंस काय?"

"एक मुलगी हरताना पाहिली," मी म्हणालो. "फार चांगली हरली."

आईला ते पटलं नाही. "एवढं बघायला बारा दिवस लागतात?"

"मला लागले," मी म्हणालो.