प्रतापनगरातल्या दोन खोल्या

‘बाहेरून लोंढे आले. दारात किरायेदारायची रांग लागल्यावर मालकानं तरी काय करावं? म्हातारा-म्हातारीले जुन्या किरायात कोण ठेवते?’

माझ्या पत्नीच्या तेरवीला तिच्याच धाकट्या भावाने पंगतीत बसून ही हकीकत सांगितली आणि लगेच वांग्याची भाजी पुन्हा मागून घेतली. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. आज आमच्या नात्यागोत्यात तीच प्रमाण मानली जाते.

शहर वाढले, हे मला कोणी शिकवू नये. मेट्रोच्या खांबांमागोमाग माणसे आली, विमानतळाकडच्या कंपन्यांत बालाघाटची, रायपूरची मुले कामाला लागली, आणि त्यांना डोक्यावर छप्पर हवे होते. पण प्रतापनगर वसवले कोणी? मी रामटेकहून आलो. माझ्या साळ्याचे वडील भंडाऱ्याहून ट्रंक घेऊन उतरले. लोंढा हा शब्द आपण नेहमी आपल्यानंतर आलेल्यांसाठी राखून ठेवतो.

आमच्या दोन खोल्यांचा मालक बाप वारल्यावर मालक झाला होता. एप्रिलमध्ये त्याने दुप्पट किराया मागितला. मी लेखी करारावर बोट ठेवले. त्याने ठेवलेले बोट अधिक परिणामकारक होते. तो रोज दुपारी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करू लागला. पत्नीचे हृदय अशक्त होते, तिला उकाड्यापासून जपा, असे डॉक्टरांनी बजावले होते, आणि हे त्याला ठाऊक होते. नागपूरच्या मे महिन्यात पाण्याविना कूलर म्हणजे खिडकीला टांगलेली भट्टी.

मी जाब विचारला, तेव्हा तो दारातच उभा राहिला.

“काका, मी काय करू? लोकं रोज विचारून राहिले. रांग लागली आहे.”

पत्नी आतून, पलंगावरूनच बोलली, “काहून गा, मंग त्या रांगेले सावलीत तरी बसव. ऊन लय हाय.”

तो हसला. व्हॉल्व्ह मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच बंद झाला.

मी भांडू शकलो असतो. कायदा माझ्या बाजूचा होता; पण कायद्याला तारखा लागतात आणि तिला त्याच दुपारी गारवा हवा होता. साळ्याने शहराबाहेर कन्हानला त्याच्या घरामागची बिनखिडकीची टिनाची खोली दिली; आमचा कूलर तिथे लावायला जागाच नव्हती. “थोडे दिवस काढा, भाटवे,” बहिणीच्या नवऱ्याला द्यावा त्या मानाने तो म्हणाला. त्याचा स्वतःचा कूलर भिंतीपलीकडे रात्रंदिवस घरघरत असे. तिने एकदा विचारले, “भावाले सांगून पाहता का, दुपारी कूलरजवळ निजू देते का म्हून?” मी सांगितले. तो म्हणाला, पोरांच्या परीक्षा आहेत. शाळांना तेव्हा सुट्या होत्या.

मेअखेरीस नवतपा, वर्षातले सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आणि ती गेली. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. तेही खोटे नाही.

साळ्याला रांगेची कथा का प्रिय आहे, हे मी जाणतो. दोष लोंढ्यावर ढकलला की मालकही सुटतो आणि टिनाची खोलीही सुटते. ज्यांनी तिला कधी पाहिलेही नाही, ती परगावची मुले मारेकरी ठरतात, कारण ती पंगतीला नसतात.

माझ्या निवृत्तिवेतनाची बँक अजून प्रतापनगरातच आहे, त्यामुळे त्या घरावरून मी दर महिन्याला जातो. कुलूप मी स्वतः पाहिले आहे, आणि शेजाऱ्यांनाही विचारले आहे. ज्या खोल्या आम्ही ऐन मेमध्ये रिकाम्या केल्या, त्यांत पहिला किरायेदार राहायला आला तो दिवाळी उलटल्यावर.