सासूबाईंची किल्ली

आमच्या घरचे सगळे कागद मी एका कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवते. फोनवर उघडा, नाहीतर कॉम्प्युटरवर, किल्ली एकच: सासूबाईंचं वाक्य. पाटणकर बाजारात कापड घेताना दुकानदाराच्या तोंडासमोर त्या मला मराठीत म्हणायच्या, फार सांगतोय, ऊठ. ग्वाल्हेरात मराठी म्हणजे आपली घरची तिजोरी, बाकी कुणाला उघडायची नाही! त्या गेल्यावर मी तेच लांबलचक वाक्य अख्खं पासवर्ड केलं आणि कागदी फायली मोठ्या दिमाखात रद्दीत दिल्या.

मग माझा फोन बादलीत पडला, तोही नेमका सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी. कंपू भागातल्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हृदयाचा जुना रिपोर्ट पाहिल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. दुपारपर्यंत आणा, नाहीतर पुढची तारीख घ्या. नातीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि सासऱ्यांना तिचा चेहरा धड दिसत नव्हता.

मी तडक पाटणकर बाजार गाठला. सासूबाईंच्या त्या कापडवाल्याच्या मुलानं आता तिथेच मोबाइलचं दुकान काढलंय. नवा फोन घेतला, फोल्डर उतरवलं, फोल्डरनं पासवर्ड मागितला आणि माझी पाचावर धारण बसली. रोज नुसता अंगठा टेकवायची सवय, वाक्य कोण मेलं आठवतंय! दोनदा चुकले. आणखी एकदा चुकलं की दिवसभर कुलूप. घरच्या कॉम्प्युटरलाही हेच वाक्य, म्हणजे तोही मुका. दवाखान्यात ह्यांना फोन लावून तणतणत विचारलं, "अहो, फार सांगतोय, ऊठ, मग काय? शेवटी पुढे बघू आहे." ह्यांना ओ की ठो ठाऊक नाही. मला रडूच फुटलं.

काउंटरमागून दुकानदार हळूच म्हणाला, "चपला घाल."

खरंच की! तेव्हा गादीवर बसायचं म्हणून चपला काढाव्या लागत. आता गादीच नाही, तर चपला कुठून आठवणार? टाइप केलं आणि फोल्डर उघडलं. रिपोर्ट डॉक्टरांकडे पाठवला, मगच श्वास घेतला.

तुम्हाला मराठी येतं? मी विचारलं.

"बचपन से, भाभीजी. अम्माजी 'चपला घाल' तक आतीं, तो मेरे बाबूजी दाम उतार देते थे."

वर पासवर्ड बदलून टाका, असंही त्यानं बजावलं. रागवावं की हसावं मला कळेना.

संध्याकाळी डोळ्याला पट्टी बांधलेल्या सासऱ्यांना मी सगळं सांगितलं. म्हटलं, बिचाऱ्या सासूबाई, जन्मभर समजत राहिल्या की कापडवाल्याला मराठी कळत नाही.

सासरे पट्टीखालून हसले. "तिला ठाऊक होतं. म्हणून तर मोठ्यानं म्हणायची."