तूप-पोळी खाणारं कासव

बाबा कासवाला अहोजाहो करायचे. मला आयुष्यभर "कार्टे" म्हणणारा हा माणूस रोज सकाळी बाल्कनीतल्या टबापाशी पाट घेऊन बसायचा आणि "घ्या, गरम आहे तोवर घ्या" म्हणत साजूक तूप लावलेल्या पोळीचे तुकडे पाण्यात सोडायचा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी. कासव मुकाट खायचं, त्यामुळे त्याला ते मानवतंय असंच आम्ही धरून चाललो होतो.

ते आणलं माझ्या भावानं. हिंजवडीत तेव्हा कंपन्या नुकत्या येत होत्या, त्याला पहिली नोकरी लागली होती, आणि घरात कासव असलं की बरकत येते असं कुणीतरी त्याला पटवलं. रुपयाएवढं पिल्लू, कानापाशी लाल पट्टा, जात मूळची अमेरिकेतली. वर्षाच्या आत भावाला अमेरिकेचा व्हिसा मिळाला. आई म्हणाली, पायगुण चांगला. बाबा म्हणाले, "चांगलाच. घरातला मुलगा थेट समुद्रापार." भाऊ दोन वर्षांसाठी गेला होता. मग तिकडेच त्यानं घर घेतलं, लग्न केलं, मुलं झाली. इकडे कासव ताटाएवढं झालं.

आई गेल्यावर भावानं बाबांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. त्यांनी माझ्याकडे राहावं असं मला फार वाटत होतं. खराडीत आमचं घर होतं, एक खोली रिकामी होती. "लेकीकडे चार दिवस जावं, पाचव्या दिवशी माणूस जड होतो," ते म्हणाले. एरवी प्रत्येक रूढीची टिंगल करणारा माणूस नेमका इथे अडून बसला, याचा मला भयंकर राग आला. भांडले, रडले, काही उपयोग झाला नाही. निदान कासव तरी मला द्या म्हटलं. आम्ही नवराबायको सकाळी निघायचो ते रात्रीच परतायचो. बाबा म्हणाले, "तुमच्या घरात दिवसभर माणूस नसतं. ते बोलणार कुणाशी?"

शेजारच्या काकांनी सल्ला दिला, खडकवासल्याच्या धरणात सोडा, पुण्य लागेल. "आणि तेच पाणी उद्या तुमच्या नळाला येईल," बाबा म्हणाले.

शेवटी कळलं की धरणाच्या पुढे एका गावात एक जोडपं लोकांनी टाकलेले परदेशी प्राणी सांभाळतं. एका रविवारी कासवाला ओल्या टॉवेलात गुंडाळून बादलीत ठेवलं आणि बाबा आणि मी निघालो.

जागा छोटीशीच होती. बरीचशी जमीन बिल्डरला गेलेली, उरलेल्या तुकड्यावर जाळीचे पिंजरे आणि मधोमध एक तळं. साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवलेल्या बाईंनी आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. एका पिंजऱ्यात हातभर लांब हिरवा परदेशी सरडा, इग्वाना, भिंतीकडे तोंड करून बसला होता. "ह्याची मानसं कंपनीतली," बाई म्हणाल्या. "परदेशातनं आलो की न्यायला येतो म्हनली. आता ह्यो आमचाच." शेजारी एका पांढऱ्या काकाकुव्यानं छातीवरची पिसं उपटून टाकली होती. तो जाळीला बिलगून रस्त्याकडे बघत होता. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

बाईंनी कासव उचललं, पाठीवर अंगठा दाबून पाहिला.

"काय खायाला घालता हिला?"

"पोळी. साजूक तुपाची," बाबा म्हणाले.

"म्हनून पाठ मऊ पडलीया. पाला पायजे, मासळी पायजे, ऊन पायजे. अन् बाई हाय ही."

बाबांचा चेहरा उतरला. "आमच्याकडे मासळी शिजत नाही हो," ते कसंबसं म्हणाले, आणि मग हळूच, "जगेल ना?"

"जगंल की. उन्हात ऱ्हाईल तर घट्ट हुईल पाठ. तुमी मायेनंच घातलं न्हवं."

त्यांनी कासव तळ्याच्या काठावर ठेवलं. बाबा गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि म्हणाले, "जातो आम्ही."

आमच्या घरातून दूध आणायला निघालेला माणूससुद्धा "येतो" म्हणून निघतो. "जातो" म्हणायचं नसतं. आई असती तर तिनं पुन्हा आत बोलावून पाणी प्यायला लावलं असतं. बाईंनीही हटकलं, "आजोबा, येतो म्हना."

"मी नाही येणार," बाबा म्हणाले. "मुलाकडे अमेरिकेला चाललोय, कायमचा. तुमच्याकडे येतो म्हणून गेलेल्यांची गर्दी झालीये आधीच."

कासव पाण्यात उतरलं आणि दिसेनासं झालं.

परतताना गाडी चालवताना मला रडू आवरेना. "डोळे पूस, समोर टेम्पो आहे," बाबा म्हणाले.

पुढच्या महिन्यात भाऊ न्यायला आला. मुंबईच्या विमानतळाची गाडी भर दुपारी सोसायटीच्या फाटकाशी उभी राहिली, बॅगा चढल्या, आणि मला एकच भीती होती, बाबा आता काय म्हणतील. ते गाडीत बसले. त्यांनी काच खाली केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "येतो गं."

आयुष्यात बाबा माझ्याशी तेवढं एकदाच खोटं बोलले. मी म्हटलं, "या."