ओरालिया स्पॅनिश शिकली ती शाळा

सॅन अँटोनियोच्या पश्चिम भागात नोगाल शाळा सुरू झाली ती एका बंद पडलेल्या स्केटिंग हॉलमध्ये. लहान वर्ग तिथे आणि मोठे वर्ग चौकापलीकडच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात. एवढ्याच पसाऱ्याला सरकारदरबारी ‘शाळा-जिल्हा’ म्हणत. पैसा सरकारचा, कारभार आपला, अशी ती सनदी शाळा. दरवर्षी राज्याची परीक्षा व्हायची, तिच्यावर शाळेला श्रेणी मिळायची, आणि लागोपाठ तीन वर्षं नापास झाली तर सनद रद्द व्हायची.

ओरालिया बेनाविदेस दारातल्या टेबलापाशी बसे. फोन, उशिरा आलेली पोरं, खरचटलेले गुडघे, सगळं तिच्याकडे. वर्गांमधल्या भिंती छतापर्यंत पोचतच नव्हत्या. पाचवीचे पाढे दुसरीला ऐकू जात, आणि दुसरीतली पोरं ते आधीच पाठ करून मोकळी होत. बाहेरच्यांना त्या गोंगाटानं भोवळ येई. ओरालियाला मात्र घरच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटे. इथेच तर तिनं तरुणपणी चाकांवर गिरक्या घेतल्या होत्या, इथेच बेतो तिला धडकला होता, आणि पुढे त्या धडकेचं लग्न झालं होतं.

सुरुवातीची वर्षं सोन्यासारखी होती. सगळी मुलं वस्तीतलीच, त्यांच्या आजी-आजोबांपासून ओळख. शाळेला ‘बी’ मिळाला तेव्हा दारावर कापडी फलक लागला. मग घरभाडी चढली. जुनी कुटुंबं शहराबाहेर गेली, आणि रिकाम्या झालेल्या खोल्यांत दाटीवाटीनं होंडुरासची माणसं राहायला आली. पाहता पाहता निम्मा वर्ग नुसता स्पॅनिश बोलणारा झाला.

आणि ओरालियाला स्पॅनिश येत नव्हतं! आडनाव बेनाविदेस, चेहरा थेट आजीचा, पण भाषा म्हणाल तर चार शिव्या आणि खाण्याचे पदार्थ. तिची आई यूफेमिया लहानपणी शाळेत स्पॅनिश बोलली म्हणून मार खाऊन घरी यायची. “माझ्या लेकरांच्या पाठीवर वळ नकोत,” म्हणत तिनं घरात ती भाषा मुलांच्या कानावर पडूच दिली नाही.

एका सकाळी शियोमारा नावाची बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. दोघी दमलेल्या दिसल्या. भूक लागली आहे का, असं ओरालियाला विचारायचं होतं. भुकेला ‘आम्ब्रे’, पुरुषाला ‘ओम्ब्रे’. तिची जीभ घसरली आणि तिनं विचारलं, “तुझ्याकडे पुरुष आहे का?”

शियोमारानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “होता, पळाला. का? तुमच्याकडे एखादा जादाचा आहे की काय?”

मुलगी, यारेली, पोट धरून हसली. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती ओरालियाच्या टेबलाशी येऊन बसू लागली. एक इंग्रजी शब्द घ्यायचा, एक स्पॅनिश शब्द द्यायचा. चूक झाली की यारेली कपाळावर हात मारी. “अहो मिस, असं बोललात तर आमच्याकडची कोंबडीसुद्धा हसेल!”

पण परीक्षा इंग्रजीत होती. शाळेला ‘एफ’ मिळाला, म्हणजे नापास. पुढच्या वर्षी पुन्हा ‘एफ’.

पालकांची सभा भरली. मुख्याध्यापक प्रुइट, सदा गळ्यापर्यंत बटणं लावलेला माणूस, खाली बघत म्हणाले, “एक सल्ला आलाय. नव्यानं येणाऱ्यांना सांगायचं, जागा भरल्या.”

“बरोबर आहे,” ओरालियाची शेजारीण हर्लिंडा उठली. तिची नात तिसरीत होती. “आपली पोरं हुशार होती गं. ही आली आणि सगळ्यांना घेऊन बुडाली.”

“दारात मी बसते, हर्लिंडा. ‘जागा नाही’ हे मला म्हणावं लागेल, आणि ते मी म्हणणार नाही. माझ्या आईला मारलं तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल, हिच्यामुळे वर्ग मागे पडतो.”

“मग बस शाळा बंद झाल्यावर दारात!” हर्लिंडा तरातरा निघून गेली आणि नातीला तिनं दुसरीकडे घातलं.

सल्ला बारगळला. त्या वर्षी शनिवारीही वर्ग भरले. छपरं घालून थकलेले बाप मुलांशेजारी बाकावर बसून वाचू लागले. हिवाळ्यात एक दिवस हर्लिंडा बीन्सचं मोठं पातेलं घेऊन हजर झाली. “भांडण मिटलेलं नाही हां. पण उपाशीपोटी पोरं वाचणार कशी?”

शाळेला ‘सी’ मिळाला. निकाल कळताच प्रुइटसाहेबांनी बूट काढले आणि त्या गुळगुळीत लाकडी फरशीवर मोज्यांनी घसरत पार टोकाला गेले. तो दिवस आठवला की ओरालिया आजही एकटीच हसते. यारेली मात्र त्या निकालात नव्हती. परीक्षेआधीच शियोमाराला ह्यूस्टनमध्ये काम मिळालं होतं. पोरगी निरोप घ्यायला आली, ओरालियाच्या गळ्यात पडली, आणि जाताजाता तिचा एक उच्चार सुधारून गेली.

त्याच उन्हाळ्यात ओरालियाच्या आईला, यूफेमियाला, मेंदूचा झटका आला. वाचली, पण इंग्रजी पुसून गेलं. नर्सना वाटे, म्हातारी बरळते आहे. ओरालिया खाटेशी बसून तिला स्पॅनिशमध्ये उत्तरं देऊ लागली. आई टक लावून बघत राहिली.

“तुला कुणी शिकवलं गं?”

“होंडुरासच्या एका पोरीनं.”

“तरीच असं बोलतेस,” म्हातारी म्हणाली, आणि तिनं लेकीचा हात घट्ट धरला. त्यानंतर जे दोन हिवाळे मिळाले, त्यांत लहानपणचं गाव, बहिणी, पहिलं प्रेम, सगळं तिनं लेकीला सांगितलं. आपली आई एवढी विनोदी आहे, हे ओरालियाला तेव्हा कळलं.

नोगाल बंद पडली ती नापास होऊन नव्हे. वस्तीतच मुलं उरली नाहीत. एका मोठ्या संस्थेनं ती पोटात घेतली, आणि ओरालियाला हमरस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीत जागा दिली. तिथं मुलं दाराशी कार्ड दाखवून मुकाट आत जात. नाताळपर्यंत तिनं कसंबसं काढलं आणि नोकरी सोडली.

“पगार बरा होता की,” बेतो म्हणाला.

“होता. पण तिथं मला कुणी हसत नाही रे.”