काकूंच्या मोपेडची चिकट वायर

तासगावात आमच्या गल्लीत कुणाची गाडी आली हे बघायला खिडकीत जावं लागत नाही. चंदनबाला काकूंची मोपेड असेल तर आधी हॉर्न, मग काकूंचा आवाज, मग मोपेड. "आवं, सरका की! रस्ता काय आंदण मिळालाय व्हय?" हे त्या म्हशीलासुद्धा 'आवं' लावून म्हणतात.

काकू साठी ओलांडलेल्या. गावाबाहेर त्यांची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. निवडणाऱ्या बायकांवर देखरेख त्यांचीच. बेदाण्यात एक काडी राहिली की, "अगं पूजा, ही काडी काय सरपणाला पाठवायची हाय?"

सूर्य बुडाल्यावर काकू अन्नाला शिवत नाहीत. घर जैन, आणि काकू त्यातही कडक. डबा न्या म्हटलं तर, "हातपाय धुऊन, देवाला हात जोडल्याबिगर मला घास उतरत न्हाई." म्हणून ऊन कललं की मोपेडला किक, आणि उजेडात घरी.

यंदा ऐन हंगामात मोपेड बिघडली. उभी असली की आवाज आपोआप चढायचा, आपोआप पडायचा. गुर्रऽऽ, फुस्स, गुर्रऽऽ. एक्सलेटर पिळला तर आधी काहीच नाही, मग एकदम हिसका. एका दुपारी तर काकूंनी एक्सलेटर सोडला तरी ती पळतच राहिली. "आगं थांब! थांब म्हणते न्हवं!" मोपेड कुंपणात, काकू गवतात.

मुलगा श्रेयस घाबरला. त्याचं शेतीच्या औषधांचं दुकान. बोलणं मऊ. "आई, गाडी विकून टाकू. मी आणत जाईन की तुला." पहिल्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं. दुसऱ्या दिवशी, "आलोच आई, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं अख्ख्या तासगावाला माहीत आहेत. दोन्ही दिवस सूर्य आधी पोचला, श्रेयस नंतर. काकू उपाशी झोपल्या.

"सरळ शेड सोड म्हण की मला," काकू म्हणाल्या.

"पडलीस तर?" श्रेयस म्हणाला आणि त्यानं कवठे महांकाळच्या गिऱ्हाइकाला रविवारी गाडी बघायला बोलावलं.

कोपऱ्यावरच्या तानाजी मिस्त्रीनं आधीच प्लग बदलला होता, कार्बोरेटर धुतला होता. गाडी तशीच. "काकू, इंजन म्हातारं झालंय."

शनिवारी काकूंनी मोपेड ढकलत पुन्हा त्याच्या दारात आणली. स्टँडवर लावली, चालू केली आणि नुसतं हँडल डावीकडं वळवलं. मोपेड किंचाळली.

"बघ रं. एक्सलेटरला मी बोट लावलं न्हाई. हँडल वळलं की कोकालतीय."

तानाजीनं एक्सलेटर पिळून सोडला. तो झटकन मागं यायला हवा. हा आला शाळेला निघालेल्या पोरासारखा, रमतगमत. "आयला, वायर अडकतीया."

त्यानं वायर नळीतून ओढून काढली. तपकिरी, चिकट, दोन तारा तुटलेल्या. त्यानं वास घेतला. "काकू, ह्यात काय वतलंय?"

काकूंनी रस्त्याकडं बघितलं. "डिपिंग ऑइल."

म्हणजे द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून ती ज्यात बुडवून काढतात ते तेल. शेडात कॅन समोरच होता. "द्राक्षाला चालतंय, मग वायरीला काय धाड भरली?" तेलात द्राक्षाचा रस मिसळला, शेडातली धूळ बसली, नळीत डिंक तयार.

तानाजी पाना टाकून हसला. "काकू, वायरीचा बेदाणा केलासा!"

"हसू नगंस. नवी टाक."

नवी वायर त्यानं हँडलभोवती सैल फिरवली, वळताना ताण नको म्हणून. एक्सलेटरशी थोडी ढील ठेवली. मग स्क्रू फिरवत आवाज लावला. हँडल डावीकडं, उजवीकडं. टकटकटकटक, एकसारखा.

रविवारी श्रेयस गिऱ्हाइकाला फोन लावायला उभा होता. काकूंनी मोपेड दारात आणली. "बस मागं."

"मी?"

"न्हाई, गिऱ्हाईक! बस."

बाजारात क्रेट भरलेला ट्रॅक्टर पुढं अचानक थांबला. काकूंनी एक्सलेटर सोडला, आवाज तिथंच खाली आला, मोपेड हातभर अंतरावर उभी. ट्रॅक्टर हलला, तशी तीही हलली, हिसका न देता.

"डोळं उघड आता," काकू म्हणाल्या.

गावाबाहेर श्रेयसनं गाडी स्वतः चालवायला घेतली. काकूंना मागं बसवून एक्सलेटर पिळला, सोडला, परत पिळला, परत सोडला. मग गाडी बाजूला घेऊन फोन लावला. "दादा, निघाला नसाल तर नका येऊ... न्हाई वो, बिघाड निघाला. आईला लागतीय गाडी."

काकू मागून ओरडल्या, "निघाला असंल तर चार बेदाणं खाऊन जा म्हणावं!"

सोमवारी ऊन अजून भिंतीवर असताना श्रेयसचा दुकानातून फोन आला. "आई, पोचलीस का?"

"तोंडात घास हाय. ठिव फोन."